चार हजार गाड्यांची गल्ली

"टेकू नका, टेकू नका! रंग ओला आहे!" मोजणीवाले साहेब ओरडले.

मावशीच्या शिवणाच्या दुकानात भिंतीवर लालभडक रेघ उमटली होती. अगदी मशीनच्या डोक्यावर! रेघेपासून रस्त्यापर्यंतचं सगळं पाडणार होते. कोपऱ्यावरच्या बंद कारखान्याच्या जागी मॉल येणार आणि त्यासाठी गल्ली दुप्पट रुंद होणार म्हणे!

"उरलेल्या दुकानात मशीन ठेवली तर मी बाहेर, आणि मी आत बसले तर मशीन बाहेर!" मावशी हसत म्हणाली. पण तिच्या हातातली कात्री खडूची खूण सोडून भलतीकडेच कापत गेली.

सुट्टीला आलेली तिची तीन भाचरं ते बघत होती. थोरली लिंबू, चेहरा सदा आंबट पण डोकं भन्नाट. मधला ढोल, याची कुजबुजसुद्धा तीन घरं पलीकडे ऐकू जायची. आणि धाकटी टाचणी, बारीक नि टोचरी.

"पण रुंद करायची कशाला?" लिंबूनं विचारलं.

"या गल्लीतून रोज चार हजार गाड्या जातात, बाळ. यंत्रानं मोजल्यात!" साहेबांनी गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकली होती. नळीवर चाकांचे दोन दणके बसले, एक पुढच्या नि एक मागच्या, की एक गाडी गेली असं धरून खांबावरच्या डब्यातला आकडा एकानं वाढायचा. "परवा शाळेत सुनावणी आहे. आक्षेप असेल तर तिथे सांगा."

"चार हजार?" ढोल गरजला. "आम्ही इथे भररस्त्यात चेंडू खेळतो! आमची चटणी नसती झाली?"

"पोरांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये," गल्लीचे अध्यक्षकाका गुरगुरले आणि निघून गेले.

हे ऐकल्यावर कोण गप्प बसणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लिंबूनं यंत्रावरचा आकडा लिहून घेतला. मग तिघं दुकानाच्या पायरीवर बसली. गाडी गेली की बरणीत एक बटण! दुपारी बारापर्यंत एकशे त्र्याऐंशी बटणं जमली. टाचणी पळत जाऊन यंत्र बघून आली आणि धापा टाकत म्हणाली, "बाराशे नव्वद वाढलेत!"

"नक्की मॉलवाल्यांचा माणूस नळीवर उड्या मारत असणार!" ढोल कुजबुजला. समोरच्या आजींनी खिडकी उघडून "कोण रे तो?" असं विचारलं.

जेवण उरकून तिघं यंत्राशेजारच्या कुंपणामागे दबा धरून बसली. उड्या मारणारा कुणी येईना. तेवढ्यात समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकातून एक गाडी डुलत बाहेर आली. आत निवृत्त पोस्टमन आजोबा स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते, शेजारी मास्तर.

"पुढे! हळू! नळीला चाक लागलं की थोडं पुढे, आणि ब्रेक! शाब्बास! आता मागे!"

पुढची चाकं नळीवरून गेली, परत आली. आकडा एकानं वाढला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आणखी एक!

टाचणीनं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. "मास्तर, हे काय चाललंय?"

"हाफ क्लच! गाडी मुंगीच्या पावलानं पुढे-मागे न्यायचा सराव!" मास्तर अभिमानानं म्हणाले. "फार उपयोगी नळी आहे बघ! ती आल्यापासून माझ्या एकाही विद्यार्थ्याचा ब्रेक चुकत नाही. साहेबांनाही विचारलं होतं. ते सावलीत चहा पीत होते. म्हणाले, तुमचं चालू द्या!"

सुनावणीला शाळेचा हॉल खच्चून भरला होता. मोठ्या इंजिनीअरबाई मुख्य खुर्चीत होत्या. टाचणी उठून उभी राहिली.

"साहेब, एक गाडी गेली तर यंत्रात किती वाढतात?"

"एक!"

"नक्की?"

"लेखी देऊ का?"

"द्या ना!"

हॉल हसला. साहेबांनी झोकात सही ठोकली. लिंबूनं कागद बाईंपुढे ठेवला. "बाई, पाच मिनिटं यंत्रापाशी याल? चार तासांत आम्ही बटणं टाकून एकशे त्र्याऐंशी गाड्या मोजल्या, यंत्रानं बाराशे नव्वद. पण आमच्या बटणांवर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

बाई आल्या, आणि मागोमाग अख्खी गल्ली! यंत्रापाशी गाडी तयारच होती; मास्तरांनी आजोबांना इशारा केला. पुढे, मागे, पुढे, मागे! पाच मिनिटांत गाडी एकच, आणि आकडा बावीसनं पुढे.

"साहेब," बाईंनी तो कागद वर धरला, "यंत्र कुठे बसवलंय हे बघितलं होतंत?"

साहेब कानापर्यंत लाल झाले. "सावली बघितली होती, मॅडम."

मग नळी गल्लीच्या मधोमध हलवली आणि आठवडाभर पुन्हा मोजणी झाली. रोजच्या गाड्या भरल्या सातशेच्या आतबाहेर! दहा दिवसांनी अध्यक्षकाकांनी दुकानात येऊन इंजिनीअरबाईंचं पत्र मोठ्यानं वाचलं. गल्ली आहे तेवढीच राहणार होती आणि मॉलचा रस्ता मागच्या हमरस्त्यावरून निघणार होता.

काकांनी घसा साफ केला. "आम्ही महिनाभर सभा घेतल्या, घोषणा लिहिल्या. मोजून बघायचं एकालाही सुचलं नाही! नाक खुपसलंत ते बरं केलंत रे पोरांनो. आमचं चुकलं."

"आम्ही काही मनावर घेतलं नव्हतं, काका!" ढोल म्हणाला, आणि यावेळी खरोखर हळू म्हणाला.

मावशीनं तिघांना एकदम मिठीत ओढलं आणि ती रडायलाच लागली.

"फार घाबरले होते गं मी," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नव्हतं."

"आम्हाला माहीत होतं, मावशी," लिंबू म्हणाली. "म्हणून तर मोजलं."