शिवणीवरचा हात

बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं गेलं, तेव्हा मी तंबूच्या आत बसले होते.

मंगळवार पेठेतल्या त्या ताडपत्रीच्या दुकानात समोर कुणीच नव्हतं. हाका मारत मी मागच्या परड्यात गेले. तिथे भिंतीलगत एक मोठा कॅनव्हासचा तंबू उभा होता. शिवणी बघाव्यात म्हणून आत शिरले, आणि तेवढ्यात छतावर धबाधबा पाणी आदळलं. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं... पण एक थेंब आत आला नाही.

मग मागच्या कापडावर एक तळवा उमटला.

बाहेरून कुणीतरी हात टेकवला होता. ओल्या शिवणीवर पाच बोटं आत उठून आली – स्थिर, न घाबरलेली. भिजलेल्या कॅनव्हासला हात लावला की तिथला पृष्ठताण मोडतो आणि पाणी झिरपू लागतं, हे मी कॉलेजात शिकवते. खरं की खोटं बघावं म्हणून मी आतून माझा तळवा त्यावर ठेवला. कापड कोरडंच राहिलं. हात मात्र गार होता. क्षणभर थांबला... आणि त्यानं हलकेच दाब दिला.

ती मूठ मिटूनच मी बाहेर आले.

बादली घेतलेला माणूस मला बघून मागं सरकला. पस्तिशीचा असेल. कपाळावर भस्माची पुसट रेघ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"आवो! तुमी कवा शिरलासा आत?"

"तुम्ही ओतायच्या आधी."

"आईशपथ, मला वाटलं आत कोण न्हाई."

खोटारडा, मी मनात म्हटलं. हाताविषयी मात्र बोलले नाही. काही गोष्टी विचारल्या की विरतात.

"भिजलासा काय?"

"अजिबात नाही. हाच तंबू पाहिजे मला."

त्याचा चेहरा उतरला. "त्यो इकायचा न्हाई, पावणं."

"मग उभा कशाला केलाय?"

"पाणी पाजायला. कॅनव्हासला अधनंमधनं पाणी पाजावं लागतंय. सूत फुगतंय, शिवण घट्ट धरती."

"इतकं तर माणसालाही कुणी जपत नाही."

"माणूस भिजला की आकसतोय, म्याडम. त्याला काय करायचं?"

हा शिवप्रसाद. दुकान त्याच्या वडलांपासूनचं, घरातली बोली कानडी.

आम्हाला तंबू खरोखरच हवा होता. गेल्या दिवाळीत राधानगरीच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा आमचा बाजारातला तंबू वाऱ्यानं मधोमध फाटला. दादा, वहिनी, मी आणि छोटी मोना, सगळे गाडीत कोंबून बसलो. मोना आठवडाभर तापानं फणफणली. तेव्हापासून जोराचा वारा सुटला की ती माझ्या पांघरुणात शिरते. या दिवाळीला पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "आत्या, ह्यो फाटणार न्हाई न्हवं?" तिला 'नाही' म्हणायचं तर मला आधी खात्री हवी होती.

म्हणून मी दर रविवारी जाऊ लागले. शिवप्रसाद नवनवे तंबू उभे करायचा, मी आत बसायचे, तो नळीनं पाणी मारायचा. कुणाची शिवणीवरची पट्टी सुटायची, कुणाच्या चेनमधून धार लागायची. एकदा तर कोपऱ्यातून पाणी थेट माझ्या मानेवर आलं.

"ह्यो बी नापास?" बाहेरून आवाज.

"हा तर फार प्रेमळ आहे. गळ्यातच पडला."

"मास्तरीणबाई, लई कडक पेपर तपासताय!"

"तुम्ही तो मोठा तंबू द्या, मी लगेच जाते."

नळी थांबली. "मग न्हाई देत," तो हळू म्हणाला.

निघण्यापूर्वी मी त्या मोठ्या तंबूत घटकाभर बसायचेच. आतला उजेड गढूळ, चहाच्या रंगाचा. हवा अशी, जणू आताच कुणीतरी उठून गेलंय. बाहेर पाणी सुरू व्हायचं, आणि मागच्या शिवणीवर तो तळवा यायचा. मला वाटायचं, केवढा हा लाजरा माणूस – समोर आला की रस्सीच्या जाडीबद्दल बोलतो आणि कापडाआडून हात धरतो. हात त्याच्या मानानं लहान वाटायचा. ओलं कापड ताणलं की आकार फसवा दिसतो, असं मी स्वतःला समजावलं. पुरावा गैरसोयीचा असला की शिकलेली माणसंही असंच करतात.

"काय गं," दादा एकदा जेवताना म्हणाला, "तंबू बघायला जातीयास का तंबूवाला?"

वहिनी ठसका लागेपर्यंत हसली. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. तंबू मिळाला की माझे रविवार संपणार होते, आणि ते मला नको होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आभाळ काळवंडून आलं होतं. मोठ्या तंबूचा पडदा त्या दिवशी उघडाच राहिला. मी आत, शिवप्रसाद दाराशी माझ्यासमोर उभा. एका हातात छतावर धरलेली नळी, दुसऱ्या हातात चहाचा कप. काहीतरी सांगत होता, हसत होता.

माझ्या पाठीला गारवा जाणवला. मी वळले.

मागच्या शिवणीवर तळवा होता.

मी शिवप्रसादकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. पुन्हा मागे पाहिलं. पाच बोटं. मग हळूच दाब... ओळखीचा.

मी बाहेर येऊन तंबूच्या मागे डोकावले. कापड आणि भिंत यांमध्ये जेमतेम वीतभर बोळ होता. तिथे मांजरही उभं राहिलं नसतं.

"काय झालं? पांढऱ्या पडलासा की!"

मी सगळं सांगितलं. जे पाहिलं तेवढंच, जसं पाहिलं तसं. पहिल्या दिवसापासून तो हात मी त्याचा समजत होते, हेही सांगितलं. कान तापले, पण सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "लहान हात? अंगठा जरा भाईर गेल्याला?"

"हो."

"प्रेरणा," तो म्हणाला. "माझी बायको. ह्यो तंबू तिनंच कापला, तिनंच शिवला. गिऱ्हाईक आत बसलं की मी पाणी मारायचो आन ती एकेका शिवणीवर हात ठेवत फिरायची. शिवण चांगली असली तरच हात काढायची. न्हाईतर परत उसवायला लावायची... डेंगूनं गेली. बोलता बोलता गेली."

त्याच्या डोळ्यांत दुःखापेक्षा राग होता.

"दर ऐतवारी पाणी मारतोय मी. एकदा तरी दिसावी म्हणून! आन दिसली कुणाला? तुमाला!"

"तुम्ही आत कधी बसलात?"

त्यानं मान हलवली – कधीच नाही.

"तुम्ही कायम नळापाशी. हात आतून दिसतो, शिवप्रसाद."

मग त्यानं नळी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि वाकून आत गेला.

मी पाणी सुरू केलं. नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"संयोगिता..." पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. "मागच्या शिवणीवर हात आलाय. तुमचा हाय न्हवं?"

मी बोळात पाहिलं. कापडात पाच बोटांचे खळगे पडले होते. छतावरून येणारं पाणी त्यांच्यापाशी दुभंगत होतं. जिथे मनगट असायला हवं, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून ते खाली जात होतं. वाहतं पाणी अडथळ्याभोवती असंच वळतं. अडथळा तेवढा दिसत नव्हता.

'हो' म्हटलं असतं, तर तो तिथल्या तिथे माझा झाला असता. 'नाही' म्हटलं, तर तो त्या तंबूतून कधी बाहेर येईल याची खात्री नव्हती.

"माझा नाही," मी म्हणाले.

आतून श्वास ऐकू आला. मग तो कानडीत बोलू लागला, अगदी हळू. घरातलं माणूस घरातल्या माणसाशी बोलतं तसं. मला कानडी येत नाही. मधेच माझं नाव आलं तेवढं कळलं. पुन्हा एकदा आलं. मग तो थांबला.

खळगे एकेक करून वर आले. आधी करंगळी, शेवटी अंगठा. कापड ताठ झालं आणि पाणी सरळ वाहू लागलं.

शिवप्रसाद बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा होता. माझ्या हातातली नळी त्यानं बंद केली.

"काय बोललात?" मी विचारलं.

"इचारलं तिला. म्हटलं, ह्या बाईला तंबू देऊ का? आन तंबूसंगं... मी बी जाऊ का?"

"मग?"

"बघितलंसा की. हात काढला तिनं."

मी खाली बघितलं.

"मास्तरीणबाई, तुमचा निकाल काय?" नळी गुंडाळत त्यानं विचारलं. "का अजून तपासायचं ऱ्हायलंय?"

"माझे वडील, आबा, आधी कुळी विचारतील. मग ओरडतील," मी म्हणाले. "तेवढं सोसणार असाल, तर... हो."

"ओरडू द्यात. मी पाण्यात टिकलोय."

संध्याकाळी ऊन पडलं. कापड वाळल्यावर आम्ही तंबू उतरवला. एवढा मोठा तंबू दोघांनी घडी करणं अवघड. त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही एकमेकांकडे चालत आलो. मधोमध बोटांना बोटं लागली. त्यानं सोडली नाहीत. मीही नाही. त्याचा हात ऊबदार होता, मोठा, खरखरीत.

कापडाची मागची बाजू आता ढिली पडून चिखलात लोळायला हवी होती. मी खांद्यावरून वळून पाहिलं. ती जमिनीपासून वर होती, सरळ, ताणलेली. जणू कुणीतरी दोन्ही कोपरे हातात धरून, आमची घडी पुरी व्हायची वाट बघत उभं होतं.