रुळवणीचे तीन हजार किलोमीटर

पहिल्याच भेटीत मी त्याला झापलं होतं. महामार्गावरच्या थांब्यावर, भुरभुर पावसात, एक उंच मुलगा छत्री धरून उभा होता... छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हे, उघड्या बॉनेटवर.

"टर्बोच्या पाइपाची क्लिप सैल आहे," मी म्हटलं. "अशी चालवतात का गाडी?"

"तुम्ही... मेकॅनिक आहात?"

"आधी क्लिप आवळा. चौकशा नंतर."

पुढच्या आठवड्यात तो ती जुनी सुप्रा गाडी घेऊन माएबाशीला आमच्या गॅरेजमध्ये हजर. नाव कुराता हारुओमी, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. बाबांनी इंजिन माझ्यावर सोपवलं. सहा महिने मी त्या इंजिनाशी झटले. नवे पिस्टन बसवले, मोठा टर्बो चढवला, सहाशे घोड्यांची ताकद भरली. हारुओमी दर शनिवारी यायचा, कॉफीचा गरम कॅन माझ्या हाताशी ठेवायचा आणि बघत बसायचा. इंजिनकडे की माझ्याकडे, देव जाणे.

नवं बांधलेलं इंजिन आधी रुळवावं लागतं. हजार किलोमीटर सबुरीने चालवायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर न्यायचा नाही, मग तेल बदलायचं आणि गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा. त्या निरोपाच्या विचारानेच माझी जीभ घसरली.

"हे इंजिन वेगळं आहे. तीन हजार लागतील. आणि... आवाज ऐकायला मला शेजारी बसावं लागेल."

बाबांच्या हातातला पाना थांबला. मग तो पुन्हा फिरू लागला.

"बरं, चिझुरु-सान," हारुओमी म्हणाला.

मग दर रविवारी सहाशे घोड्यांचा लगाम खेचून आम्ही भातशेतांमधून निघायचो. भाजीचे टेम्पो आम्हाला मागे टाकायचे. एकदा तर स्कूटरवरची एक आजी पुढे गेली आणि तिने वळून आमच्याकडे कीव करत पाहिलं. तो हसायचा, ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या गोळ्याचं, वेष्टण सोडून माझ्या हातात द्यायचा. पण त्यावरून काय समजायचं? हा माणूस सुनसान रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबणारा. मेकॅनिकने सांगितलं म्हणून निमूट ऐकतोय, की...? विचार करकरून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

दोन हजार सातशे झाले आणि योकोहामाला दायकोकूच्या पार्किंगमधला गाडीवेड्यांचा मेळावा आला. सकाळीच आम्ही बॉनेट उघडलं. लोक माझ्या कामाचे फोटो काढू लागले.

"अरे, जरा गुरगुरू दे की तिला," हारुओमीचा मित्र मिझोगुची म्हणाला.

"नको. अजून रुळतंय. दोन हजार सातशेच झालेत."

मिझोगुची खो खो हसला. "हजारात होतं रे ते. कुठल्या अडाण्याने सांगितलं तुला?"

सगळे इंजिनकडे संशयाने बघू लागले. माझे कान तापले. गप्प राहिले तर बाबांच्या गॅरेजचं नाव जाणार होतं. बोलले तर हा जाणार होता.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "खोटं सांगितलं. इंजिन हजारातच तयार होतं, त्यात काही खोट नाही. मला... मला त्या सीटवर बसायचं होतं."

मिझोगुचीला एकाएकी शेजारच्या गाडीची चाकं बघायची आठवण झाली.

"मला माहीत होतं," हारुओमी हळूच म्हणाला.

"काय?"

"हजारात होतं ते. गाडी घ्यायच्या आधी चार पुस्तकं वाचलीत मी."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, बोललो तर तुम्ही म्हणाल, बरं, हजारच."

मला हसू येत होतं, रागही येत होता. "म्हणजे इतके रविवार मी एकटीच जीव टांगणीला लावून—"

"एकट्या नव्हतात. मलाही कळत नव्हतं, तुमचा जीव इंजिनावर आहे की..." त्याने मान खाली घातली. "मला तुम्ही आवडता, चिझुरु-सान. फार." आणि त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

परतताना पहिल्या मोकळ्या चढावर मी पाय दाबला. काटा सात हजारांपार गेला, हारुओमी शेजारी सीटच्या पाठीला चिकटला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. चढ संपला तशी मी गाडी डाव्या बाजूला घेतली, वेग उतरवला आणि मागच्या टेम्पोला पुढे जायला वाट दिली. आम्हाला घरी लवकर पोचायचं नव्हतं.