सिलतऱ्याची धूळ आणि दोन लॅपटॉप

"भैया, यातला चांगला कोणता?"

रायपुरात दुकानात कुणालाही भैया म्हणतात, त्यात नातं जोडायचा हेतू नसतो, हे इंद्रजीतला पक्कं ठाऊक होतं. तरी समोरच्या मुलीनं ते म्हटलं आणि त्याचा चेहरा एवढासा झाला.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रोज कुठलं तरी ऑफिस उघडायचं आणि इंद्रजीत कामाला होता त्या भैय्यालालजींच्या दुकानात लॅपटॉप आल्याबरोबर खपायचे. ही मुलगी, मोनाली, शहराबाहेर सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात खरेदीचं काम पाहायची. साहेबांनी तिला दोन लॅपटॉपांतून एक निवडायला धाडलं होतं. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, हार्ड डिस्कही सारखीच... जुळे भाऊ जणू!

"काहून बरं दोन बनवले असतील?" ती पुटपुटली.

"तुम्ही मराठी?"

"हव. तुम्ही?"

"बाबा गोंदियाचे. रेल्वेत होते."

फरक एकच होता, आणि तो माहितीपत्रकात छापलेला नव्हता. एक लॅपटॉप पोटाखालून हवा ओढायचा, दुसरा बाजूनं. कारखान्याच्या धुळकट टेबलावर पहिला लवकरच गुदमरला असता. इंद्रजीतला हे माहीत होतं. पण सांगितलं, की ती एक घेऊन जाणार... आणि परत कशाला येणार? म्हणून पठ्ठ्या बॅटरीवर बोलला, कीबोर्डवर बोलला आणि शेवटी म्हणाला, "उद्या या, उघडूनच दाखवतो."

ती आली. त्यानं दोन्हींची खालची झाकणं काढली. मोनाली वाकली, वेणी पुढे घसरली, तिला भान नव्हतं.

"अगं बाई... हे तर शहर आहे! हे रस्ते, ह्या कॉलन्या... अन् हा तलाव काय?"

शेकडो मशीनं उघडली होती त्यानं. शहर आज पहिल्यांदा दिसलं.

"आता निवडा," तो नाइलाजानं म्हणाला.

"अजून नाही," ती म्हणाली. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी तिनं पर्समधून एक पुडी काढली. "माझ्या टेबलावरची धूळ. चुंबक आहे?"

जुन्या स्पीकरमधला चुंबक होता. तिनं धूळ कागदावर पसरली, तो कागद धरून म्हणाली, "खालून फिरवा."

त्यानं फिरवला. आणि धूळ... उभी राहिली! काळी, बारीक, मखमलीसारखी. चुंबक सरकेल तशी लवायची, वळायची, वाऱ्यातल्या धानासारखी. भैय्यालालजींच्या हातातला चहा तोंडापर्यंत पोचला नाही.

"अरे बाप रे," ते म्हणाले, "इसमें तो जान है!"

"लोखंड आहे," मोनाली म्हणाली. मग नजर उचलून थेट इंद्रजीतकडे पाहिलं. "हे मशीनच्या पोटात गेलं, तर?"

आता खोटं बोलणं जमेना.

"बाजूनं हवा घेते तो घ्या. मले... पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही परत आल्या नसत्या."

त्याला वाटलं, गेली.

"मीही पहिल्याच दिवशी दोन्ही पालथे करून हवेच्या जाळ्या पाहिल्या होत्या," ती म्हणाली.

"मग काहून येत होत्या?"

"तुम्ही केव्हा कबूल करता, पाहून राहिली होती." ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "चला, झालं निवडून."

"पण... बाजूनंही धूळ जाते," तो घाईनं म्हणाला. "महिन्यातून एकदा साफ करावं लागते. मी येईन."

"महिन्यातून? आमच्या इथं आठवड्यात साचते!" तिनं पेन उघडलं. "पण गेटपासवर 'भैया' नाही लिहिता येत. नाव सांगा."

"इंद्रजीत."

तिनं ते लिहिलं नाही. आधी हळूच म्हणून पाहिलं. कागद अजून तिच्या एका हातात, चुंबक त्याच्या. आणि मधे सगळी धूळ उभी.