चंदनबागेची गाईड

"...आणि हा चंदनबाग हॉटेलचा जुना खानसामा," भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत मी पाहुण्यांना म्हणाले.

"खानसामा नाही, माझे पणजोबा," मागून कुणीतरी म्हटलं.

सगळे हसले. मी कानापर्यंत लाल! वळून पाहिलं – मफलर गुंडाळलेला एक मुलगा, केसांवर जानेवारीच्या धुक्याचे बारीक थेंब...

"हातात ट्रे आहे त्यांच्या," मी पुटपुटले.

"त्यात पोलोचा कप आहे! शिंदेशाही पगडी दिसली नाही? आप भी ना..."

समरजीत. त्याच्याच घराण्यानं रियासतीच्या पाहुण्यांसाठी ही कोठी बांधली होती. पुढे तिथे सरकारी कचेरी आली, मग कोठी विकली गेली आणि हॉटेल झालं. दर रविवारी तो माझा इतिहास दुरुस्त करायला येऊ लागला.

"शरयू, या जिन्यावरून आमच्या आत्याआजी घसरल्या होत्या, तेही सांग ना."

"हा काय इतिहास आहे?"

"मग? अख्खी मेजवानी रद्द झाली होती!"

नाचघराच्या धुकट काचेवर तो बोटानं माझं नाव लिहायचा... कुणी आलं की पटकन पुसायचा.

घरी इंदूरचं स्थळ आलं होतं. मी उत्तर लांबवत होते.

"घरी कधी सांगणार?" एकदा विचारलंच.

"आबासाहेबांपुढे आपणहून कुणी बोलत नाही गं, माझे वडील असले तरी. रिवाज आहे. त्यांनी विचारायला हवं. एकदा विचारू दे, झट से सांगतो!"

कोठीच्या शंभरीला आबासाहेब आले. मीच त्यांना कोठी दाखवली. नाचघरात ते थांबले.

"छान बोलते ही मुलगी. समरजीत, कोण ही?"



"इथल्या गाईड आहेत, आबासाहेब."

"अच्छा." ते पुढे गेले.

संध्याकाळी पोर्चमध्ये तो धावत आला. "नाराज नको होऊस ना, यार. इतके लोक होते... पुन्हा विचारतील ते –"

"कशाला विचारतील? त्यांना उत्तर मिळालंय, समरजीत."



मी ऑटोत बसले. महाराज बाड्याचा चौक येईपर्यंत फोन हातातच होता. वाजला नाही. मग मीच लावला.

"आई, इंदूरच्यांना या म्हणावं."

"खरंच? अगं, पण आवाज असा का येतोय तुझा?"

"थंडी आहे," मी म्हटलं.