बत्तिसावी फाइल

९%

काचेवर टकटक झाली तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. शनिवारची सकाळ, मॉलमागच्या पार्किंगमधला तो एकुलता एक चार्जर, आणि नऊ टक्क्यांवर धापा टाकत पोचलेली माझी अगडबंब गाडी. मी काच खाली केली. बाहेर एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. हातात थर्मास.

"तुमचे ऐंशी झाले."

"काय?"

"टक्के. ऐंशी टक्के झाले. आता निघालात तरी चालेल."

"मी शंभर करून जाणार आहे."

"करा की…" त्यानं मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. पिवळी, डबीएवढी. "फक्त ऐंशीनंतर गाडी घोट घोट पिते. उरलेल्या विसाला अजून पाऊण तास लागेल. माझी अकरावर आहे. आणि भरल्यावरही गन काढली नाहीत, तर मिनिटामिनिटाला वेगळे पैसे."

"म्हणजे जेवण झाल्यावर पाहुणा उठला नाही तर दंड?"

तो हसला. हसताना त्याची मान डावीकडे कलायची.

चार्जरच्या जाड वायरच्या टोकाला असते ती गन. ती इतकी जड होती की दोन्ही हात लागायचे. मी ती जागेवर ठेवत होते, त्यानं मदतीला हात पुढे केला — बोटं लागली नाहीत. लागली असती तर इतक्या वर्षांनी ते आठवलंही नसतं, कदाचित.

२२%

गाडी खरं तर दादाची. नोकरीसाठी परदेशी जाताना त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "पेट्रोल नाही, कटकट नाही. घरी लावायची, फुकटात फिरायचं!" दादाला सगळंच फुकटात दिसतं.

मी कान तपासते. शाळा, वृद्धाश्रम, लांबलांबच्या वस्त्या. तपासणीची यंत्रं आणि बाहेरचा आवाज अडवणारी घडीची केबिन त्या गाडीतच मावायची. घरी लावून पाहिली होती मी एकदा. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. दहा मिनिटांत आमचा फ्यूज गेला, जिन्यातला दिवाही गेला. सेक्रेटरीकाका बनियनवर खाली आले. "आज दिवा गेला, उद्या बिल्डिंग जाईल!"

म्हणून बाहेर. घरी युनिटला सात रुपये पडले असते. इथे बावीस, वर कर.

हे सगळं मी त्याला तिसऱ्याच शनिवारी सांगून टाकलं. का, कोण जाणे. थर्मासच्या झाकणातला चहा फार गरम होता, आणि तो मधे बोलत नव्हता.

"महिन्याच्या शेवटी वाटतं, मीच गाडीसाठी राबतेय. असंच चाललं तर दोन महिन्यांत गाडी विकीन, एखाद्या दवाखान्यात नोकरी धरीन. लांबच्या शाळा सुटतील मग."

"चार्जरसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज नाही केलात?"

"तीन महिने झाले. फाइल कुठंतरी घोरत पडली असेल."

तो थर्मासचं बूच उगाच घट्ट करत राहिला.

१८%, ३०%, २५% (वेगवेगळे शनिवार. आता मला ते एकच वाटतात.)

"दहाच्या आत येत जा. दर कमी असतो."

"किती कमी?"

"युनिटला चार."

"आणि तुम्ही का येता दहाच्या आत?"

"…दर कमी असतो."

"माझे ऐंशी झाले. निघू?"

"ब्याऐंशी करा. मागे कोणी नाही."

"मागे तुम्ही आहात!"

"मला कुठं घाई आहे?"

मंगळवार (गाडी खाली, बंद.)

दारात तो. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल.

"तुम्ही?"

"वीज कार्यालय. लोड तपासायला आलोय." कान लाल झाले होते. कान पाहायची मला सवयच.

"कोण आहे गं?" आतून आई.

"मीटरवाले!" मी ओरडले. मग हळू, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर शनिवारीसुद्धा तुम्ही फाइलच विचारली असती."

खाली मीटरच्या खोलीत सेक्रेटरीकाका दबा धरून बसले होते. "साहेब, एवढी मोठी गाडी. आग लागली तर?"

"काका, तुमची लिफ्ट याहून जास्त वीज खेचते. तिला कधी घाबरलात?"

"लिफ्ट बंदच असते."

"मग तर काळजीच मिटली!"

काकांना नेमकं काय मिटलं ते कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

"किती दिवस लागतील?" मी जिन्यात विचारलं.

"सहा-सात आठवडे. पाहणी गल्लीनुसार होते, मंजुरी नंबरानं. तुमच्या आधी एकतीस फाइली आहेत."

"ओळखीत काही…"

"नाही." त्याचा आवाज पहिल्यांदाच कोरडा. "पाळी ती पाळी."

राग आला मला. आणि त्याच वेळी ओढणीआड मी बोटांवर मोजलं. सहा आठवडे म्हणजे अजून सहा शनिवार.

५१%

तो आला नाही.

४६%

आजही नाही. चहाच्या वाफेशिवाय त्या पार्किंगला नुसता रबराचा वास येतो. ऐंशीला निघाले. अठ्ठ्याहत्तरला, खरं तर.

शुक्रवार

सतराव्याच दिवशी मीटर बसला. चार्जरची पेटी भिंतीवर चढली. आई खालीच टाळ्या वाजवायला लागली. "सात गं, सात!" लांबच्या शाळा वाचल्या होत्या. मी नाचायला हवं होतं.

मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. सहा आठवडे म्हणणारा माणूस सतरा दिवसांत फाइल काढतो आणि शनिवारी फिरकत नाही, म्हणजे त्याला मी नकोशी झालेय. ब्याद टळली एकदाची, असं वाटलं असेल त्याला.

सोमवार

पावतीचं निमित्त काढून कार्यालयात गेले. टेबलावरच्या ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"लोडचे साहेब ना? जागे आहेत का बघा आधी. दोन आठवडे सुट्टी नाही की जेवण नाही. शनिवार-रविवारसुद्धा घरं पालथी घातली. एकतीस फाइली उडवल्या हो! म्हटलं, एवढं काय पेटलंय? तर म्हणतात, पाळी मोडायची नाही ताई, पण पाळी लवकर संपवायला कोण अडवतंय?" त्या पुढे वाकल्या. "मी विचारलं, बत्तिसावा नंबर कोणाचा? तर कानापर्यंत लाल."

मी पावती तिथेच विसरले.

त्या वर्षी आमच्या भागातल्या एकतीस घरांना वाटलं असेल, की वीज कार्यालय सुधारलं. वाटू दे.

तो कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ सापडला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"सहा आठवडे म्हणाला होतात."

"तुम्ही गाडी विकणार म्हणाला होतात. शाळा सोडणार म्हणाला होतात."

"आणि शनिवार?"

तो ग्लासातल्या पाण्याकडे पाहत राहिला.

"ते जाणार, हे माहीत होतं मला. घरी सातला मिळत असताना बावीसला कोण येतं?" मान डावीकडे कलली, पण हसू आलं नाही. "तुमच्या फाइलवर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. मग उचललं."

इतकंच बोलला तो. पुढे पुष्कळ गोड बोलला असेल, पण मला विचाराल तर, तेवढंच.

मी अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "तुम्ही अजून बावीसनंच भरता?"

"भाड्याची खोली. पार्किंगच नाही, मीटर कुठून येणार?"

"आमच्याकडे लावा. शनिवारी."

"अहो, घरचा चार्जर हळू असतो. माझी एवढीशी गाडी, तरी सहा-सात तास लागतील."

"माहितेय."

"तिकडं कसं, चाळीस मिनिटांत…"

"माहितेय म्हटलं ना!"

त्यानं ग्लास पिंपावर ठेवला. तो पडला. दोघांनीही उचलला नाही.

शनिवार

सकाळी नऊला त्यानं गाडी लावली. आईनं नाश्ता दिला, जेवण दिलं, त्याची नोकरी, त्याची बहीण, घरं पालथी घालताना ठेच लागलेली त्याची बोटं, सगळं विचारून झालं. दुपारभर तो आमच्या बैठकीत खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. मी समोर, यंत्रं पुसत. एकच यंत्र, चार वेळा.

चारच्या सुमारास आई खिडकीतून डोकावली.

"अगं, हिरवा दिवा लागलाय. त्यांची गाडी भरली वाटतं."

"नाही गं आई," मी म्हटलं. "तो दिवा तसाच असतो."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. वीज कार्यालयाचा माणूस, खरं काय ते सांगणारच.

त्यानं मान खाली घातली.

"हो काकू," तो म्हणाला. "तसाच असतो."