उन्हातलं हळदीकुंकू

“भैणजी, माझ्याकडे बघून सांग. कीरत घरात आहे हे तू सांगितलंस?”

तृप्त कौरनं हे विचारलं तेव्हा सुमित्रानं थोड्या वेळापूर्वी लावलेलं कुंकू तिच्या कपाळावर अजून ताजं होतं. कीरतला घेऊन पोलिसांची जीप चौकाला वळसा घालून नुकतीच दिसेनाशी झाली होती. मधल्या बागेत सतरंज्यांवर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या, कुणाच्या तळहातावर तिळगूळ तसाच राहिला होता, आणि तृप्तच्या मागे, फाटकाचा खांब धरून, तिचे यजमान रघुवीर सिंग उभे होते... पांढरेफटक, एखाद्या आजारी माणसासारखे.

“आमच्याच घरातल्या कुणाचं हे काम असेल,” तृप्त पुढे म्हणाली, “तर वाहेगुरूची शपथ, मी आजच माहेरी निघून जाईन आणि जन्मात त्याचं तोंड बघणार नाही. बोल.”

सुमित्रानं एकदाच रघुवीर सिंगांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेत किती लाचारी होती, किती विनवणी होती...

“हो,” सुमित्रा म्हणाली. “मीच सांगितलं.”

अठ्ठ्याऐंशी सालची ती संक्रांत. चंडीगडच्या त्या सेक्टरात, एका चौकोनी बागेभोवती उभ्या असलेल्या घरांपैकी एका घरात सुमित्रा आपल्या धाकट्या भावाकडे राहत होती. आई-वडील गेले तेव्हा जयंत शाळेत होता. त्याच्या शिक्षणापायी तिनं स्वतःचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं आणि त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पुढे जयंत वैज्ञानिक उपकरणांच्या एका सरकारी संस्थेत लागला आणि चंडीगडला आला. त्याची बायको रागिणी बाळंतपणात फार आजारी पडली, म्हणून सुमित्रा साताऱ्याहून काही दिवसांसाठी आली ती कायमचीच राहिली. तान्ह्या लीनाला तिनंच वाढवलं. लीनाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीतच द्यायची, आणि आत्याला त्याचंही कौतुक होतं.

परक्या मुलखात, परक्या भाषेत तिला जीव लावणारं जे माणूस पहिल्यांदा भेटलं ते समोरच्या घरातली तृप्त कौर. एकीचं साताऱ्याकडचं वळण असलेलं मोडकंतोडकं हिंदी, दुसरीचं ठसठशीत पंजाबी. पण दोघींचं कधी अडलं नाही. हिवाळ्यात दुपारभर बागेतल्या उन्हात खाटेवर बसायचं, मटार सोलायचे, मनीमाजऱ्याच्या बाजारात जाऊन लोकर निवडायची, आणि एकमेकींच्या मनात जे कुणालाच सांगता येत नाही ते सांगून मोकळं व्हायचं. मोडलेल्या लग्नाची गोष्ट सुमित्रानं सगळ्या आयुष्यात फक्त तृप्तला सांगितली होती. ते ऐकून तृप्तनं आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले होते.

मग पंजाबात दहशतवादाचे ते भयाण दिवस आले. रोज सकाळी पेपरात मेलेल्यांचे आकडे, संध्याकाळ झाली की ओस पडणारे रस्ते, दारावर अनोळखी थाप पडली की छातीत धस्स होणं... तृप्तचा एकुलता एक मुलगा कीरत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं होस्टेलच्या खोलीत एका ओळखीच्या मुलाला राहू दिलं. तो मुलगा पोलिसांना हवा असलेला निघाला. कीरत घाबरला आणि पळाला. आणि पळाला म्हणूनच तोही हवा असलेल्यांत जमा झाला. कित्येक महिने त्याचा पत्ता नव्हता. मग डिसेंबरात, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं अशा धुक्यात, तो एका सकाळी मागच्या दारानं घरी आला. तृप्तनं त्याला गच्चीवरच्या खोलीत लपवलं आणि ही गोष्ट घराबाहेर एकट्या सुमित्राला सांगितली. सुमित्रा झाकलेल्या ताटातून त्याच्यासाठी कधी थालीपीठ, कधी शिरा घेऊन जायची. पोर खाता खाता रडायचं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी रघुवीर सिंगांनी तिला बागेच्या कडेला गाठलं. पाटबंधारे खात्यातला हा मोठा इंजिनिअर, चार शब्दांच्या वर कधी न बोलणारा. पण त्या दिवशी तो माणूस तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्यांना बातमी लागली होती की कीरतचा माग लागत आला आहे. रात्री उचलून नेलेली मुलं कोर्टापर्यंत पोहोचतच नाहीत, कुठल्या तरी शेतात त्यांची प्रेतं सापडतात, हे त्या दिवसांत सगळ्यांना ठाऊक होतं. रघुवीर सिंगांचा शाळेतला एक मित्र पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं शब्द दिला होता... भर दुपारी, चारचौघांच्या देखत मुलाला ताब्यात घेऊ, दुसऱ्या दिवशी न्यायाधीशासमोर उभं करू, मग त्याला कुणी गायब करू शकणार नाही. तुरुंग होईल, पण जीव राहील.

“साक्षीला माणसं हवीत, भैणजी,” रघुवीर सिंग म्हणाले. “सगळा चौक बाहेर हवा. आणि तृप्त त्या वेळी घरात नको. ती त्याला सोडणार नाही, दारात आडवी पडेल, आणि मग गोळी सुटली तर... तिला हे आधी सांगता येणार नाही. मुलगा सुखरूप परत आला की मी स्वतः तिला सगळं सांगेन.”

सुमित्रानं त्या वर्षी रागिणीचं हळदीकुंकू पहिल्यांदाच घराबाहेर, बागेतल्या उन्हात मांडलं. घराघरांत जाऊन बायकांना बोलावलं. तृप्तला तर हाताला धरून आणलं, आपल्या शेजारी बसवलं. आणि मग जीप आली.

तृप्तनं तिच्यावर हात उगारला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं कपाळावरचं कुंकू तळहातानं पुसलं, वळली, आणि आपल्या घराचं दार लावून घेतलं.

चौकात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मराठीणबाईनं शेजारणीच्या मुलाला पकडून दिलं, तेसुद्धा सणाला बोलावून... बायका दुधाच्या बूथवर तिला पाहून बोलणं थांबवू लागल्या. शीख शेजारी बोलेनासे झाले. हिंदूंपैकी काहींनी तिला शाबासकी दिली, ती तर तिला अधिकच झोंबली. जयंत संतापला. ज्याच्यासाठी तिनं स्वतःचं आयुष्य बाजूला ठेवलं तो भाऊ तिला म्हणाला, की अक्का, तुला या आगीत पडायला कुणी सांगितलं होतं, माझ्या घराचा तरी विचार करायचास. मग एक-दोन धमकीचे फोन आले आणि रागिणीचा धीर सुटला. लीनाला बारावी होताच पुण्याला मावशीकडे ठेवायचं ठरलं. तिला चंडीगड सोडायचं नव्हतं, मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या. स्टेशनवर गाडी सुटताना ती आत्याच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही.

“आत्या, कीरतभैया ने आपका क्या बिगाड़ा था?” एवढंच तिनं विचारलं.

सुमित्राजवळ उत्तर होतं. ओठांवर आलेलं ते उत्तर तिनं गिळलं... एकदा बोललेलं पसरतं, समोरच्या दारापर्यंत पोहोचतं. आणि समोरच्या घरात एक आई होती, जिच्याजवळ आता नवऱ्यावाचून दुसरा आधार उरला नव्हता. तो आधारही काढून घ्यायचा? तिला वाटलं, थोडीच वर्षं, मग कीरत येईल आणि सगळं उघड होईल.

कीरत जगला. खटला रेंगाळला, तारखांमागून तारखा पडल्या, पण तो जगला. त्याच्याबरोबरीची किती मुलं नाहीशी झाली! तृप्त भेटीच्या दिवशी डबा घेऊन तुरुंगात जायची, ते सुमित्रा खिडकीतून पाहायची. तिची चाल बदलत गेली, केस पांढरे होत गेले. समोरासमोर दारं असलेल्या दोन घरांत दोन बायका अशा म्हाताऱ्या होत होत्या.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर कीरत निर्दोष सुटून घरी आला. सगळा चौक त्याला बघायला जमला. सुमित्रा पडद्याआड उभी राहून पाहत होती. आज रघुवीर सिंग सांगतील... आज नाही तर उद्या. पण दिवस गेले, दिवाळी गेली. बागेच्या कडेला एकदा ते समोर आले तेव्हा त्यांचे ओठ हलले, डोळे भरले आणि ते तसेच पुढे निघून गेले. मुलगा परत आल्यावर घरात पुन्हा हसू आलं होतं. ते हसू स्वतःच्या हातानं मोडायचं धैर्य त्या माणसाला झालं नाही. सुमित्राला त्यांचा राग येत नव्हता असं नाही. यायचा, फार यायचा. पण त्यांचा खंगलेला चेहरा पाहिला की तो विरून जायचा.

आणि कीरत? तोही कधी आला नाही. तिच्या हातचं खाऊन रडणारा तो मुलगा आता मान फिरवून जायचा, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागायचं.

फेब्रुवारीत, एका सकाळी, अंघोळीला निघालेले रघुवीर सिंग कोसळले ते उठलेच नाहीत.

जयंत म्हणाला, जाऊ नकोस अक्का, अपमान होईल. ती तरीही गेली. पांढऱ्या चादरींवर चौकातल्या बायका बसल्या होत्या. मधे तृप्त, कोरड्या डोळ्यांनी. सुमित्राला दारात पाहताच ती उभी राहिली.

“माझा मुलगा तू नेलास,” ती म्हणाली. “आता काय बघायला आलीस? त्याच्या काळजीनं झिजून झिजून गेले ते. जा इथून.”

सुमित्रा मागे वळणार तोच आतल्या खोलीतून कीरत बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं.

“बीजी, मासीजींनी मला नेलं? कोण म्हणतं?” तो म्हणाला. “मला पापाजींनी पोलिसांच्या हवाली केलं. जीपमध्ये बसल्यावर त्या अधिकाऱ्यानंच मला सांगितलं, तुझ्या बापानं तुझा जीव वाचवलाय म्हणून. मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू तर मासीजींचं नावही कधी काढलं नाहीस. मला वाटत होतं, जेलमधून आलेल्या मुलाशी संबंध नको म्हणून मासीजी आपल्याकडे येत नाहीत...”



“पोराला चुकीचं सांगितलं कुणीतरी,” सुमित्रा घाईघाईनं म्हणाली. “तृप्त, मीच सांगितलं होतं. ते देवमाणूस होते. आज तरी त्यांच्याबद्दल दुसरं काही मनात आणू नकोस.”

आणि तिच्या त्या बोलण्यानंच तृप्तला सगळं कळलं. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, आणि नवरा गेल्यापासून अडलेलं तिचं रडणं फुटलं.

ती गळ्यात पडेल असं बायकांना वाटलं होतं. तसं झालं नाही. भोगाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या पाठाच्या समाप्तीच्या, दिवसापर्यंत तृप्त समोरच्या घरी फिरकली नाही. जयंतला मात्र कीरतनंच येऊन सारं सांगितलं. त्या संध्याकाळी जयंत स्वयंपाकघरात आला, बहिणीपुढे पाटावर बसला. एवढंच म्हणाला, “अक्का, मला तरी सांगायचंस.” पुण्याहून लीनाचा फोन आला. ती कधी नव्हे ते मराठीत बोलली, अडखळत, चुकत... “आत्या, मला माफ कर.” सुमित्रानं रिसीव्हर कितीतरी वेळ कानाशी धरून ठेवला.

भोग झाल्यावर, दुपारी, तृप्त आली. ओटीवर न थांबता थेट आत आली, तिच्यासमोर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

“तू फार मोठी झालीस, भैणजी,” ती म्हणाली. “पण मला विचारलंस का? ते जिवंत असताना मला कळलं असतं तर मी भांडले असते. माहेरी गेले असते. आणि परतही आले असते... त्यांनी माझ्या पोराला वाचवलं होतं, मी किती दिवस रुसले असते? आता मी कुणाशी भांडू? ज्या माणसाचे पाय धरायचे होते त्याला जाळून आले मी. आणि तू समोर राहत होतीस. समोर...”

सुमित्राला वाटत आलं होतं की आपण त्याग केला. आज पहिल्यांदाच तिला जाणवलं, की त्या त्यागात तिनं दुसऱ्याच्या वाट्याचंही काही देऊन टाकलं होतं. तिनं तृप्तचे दोन्ही हात धरले.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली.

तृप्तनं हात सोडवून घेतले नाहीत.

पण नियती मोठी कठोर... जयंत त्याच वर्षी निवृत्त होत होता. लीना पुण्यात होती, तिथं घर घेतलेलं होतं, एप्रिलअखेर चंडीगड सोडायचं आधीच ठरलं होतं. थांबू या का, असं जयंतनं बहिणीला दोनदा विचारलं. तिला ठाऊक होतं, त्याच्या हातात ते नाही.

मग तृप्त रोज दुपारी येऊ लागली. सुमित्रा भांडी कागदांत गुंडाळायची आणि तृप्त जमिनीवर बसून बोलायची. मधल्या वर्षांत जे जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते सगळं, अगदी पहिल्या दिवसापासून. त्या संध्याकाळी घरात चूल कशी पेटली नाही. तुरुंगातल्या पहिल्या भेटीला जाळीपलीकडून कीरतची बोटंच तेवढी कशी दिसली. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा मुलगा अमेरिकेला आहे असं कसं सांगितलं. सुमित्रा मधेच हात थांबवायची, पुढचं विचारायची. कधी दोघी रडायच्या, आणि एकदा तर कीरतनं तुरुंगात लाटलेल्या पोळीच्या आकारावरून दोघी इतक्या हसल्या की रागिणी बघायला आली.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी, सामानाचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. कीरतनं पेट्या चढवायला हात लावला. तृप्त रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, नेहमीच्या जागी बसली होती, आणि तिची गोष्ट अजून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंतच पोहोचली होती.