न बोलता आणलेली साल

"काय वं, पुनाभाऊनं घर कोठे शे?"

कुड्याच्या खोडावरचा माझा विळा थबकला. वाटेवर बैलांची दमणी उभी होती. आत नवी खादीची टोपी घातलेला तरुण... भर वैशाखातही हसरा.

मला बोलता येत नव्हतं. घरी आबांना आव पडत होती, डोळे खोल गेले होते. मायनं बजावलं होतं, "रुपली, कुड्याला विळा लावशील तेव्हापासून साल आबाच्या पोटात जाईस्तोवर तोंड उघडू नको. बोललीस का गुण गेला." आमच्याकडे औषध असंच आणतात.

मी नुसतं बोट दाखवलं.

"मुकी शे का तू?" त्याचा आवाज एकदम मऊ झाला. खाली उतरून त्यानं फुलांची फांदी वाकवून धरली. मी भाजीसाठी पांढरे झुबके पदरात खुडत गेले. त्याच्या सदऱ्याला नव्या गुळाचा वास होता.

"मी अभिमन, पिंपळनेरचा. घरचे उद्या माझ्यासाठी पुनाभाऊंची पोर पाहायला येणारेत, तो निरोप द्यायचा शे." त्यानं फांदी सोडली. "पण आता द्यावासा वाटत नाही."

मी डोळ्यांनीच विचारलं — का?

"असं पाहतेस ना... म्हणून." मग दमणीत चढत म्हणाला, "नाहीच म्हणायचं तर त्या दारी कशाला जाऊ? इथूनच फिरतो."

आणि खरंच त्यानं बैल वळवले. ओठांवर आलेलं माझं नाव मी दातांखाली दाबलं. विळा कमरेला खोचला, आबांसाठी काढलेली साल छातीशी धरली अन् दुसऱ्या हातानं बैलाची वेसण.

"कोठे नेतेस? तुझ्या घरी?" मागून तो म्हणाला. "ने बाई. माझी काय ना नाही."

मायनं साल ताकात उगाळली, फुलं कडूपणा उतरायला उकळत ठेवली. आबांच्या गळ्याखाली शेवटचा घोट उतरेपर्यंत मी पाहत राहिले. मग दारात आले. तो बैलांना पाणी दाखवत होता.

"पुनाभाऊंचं घर हेच," मी म्हणाले. "आन त्यांना एकच पोर शे."

त्याच्या हातातली बादली पायांवर कलंडली. तसाच ओल्या धोतरानं तो उंबऱ्याशी आला. "आबा... घरचे उद्या येणार होते. पण माझी तर पाहून झाली. होकार कळवू का?"

"ते तिले विचार, भाऊ," आबा खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले.

अशा वेळी लाजून आत पळायचं असतं. मी पळाले नाही. "हो," म्हणाले... आबांना नीट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.